कोलोनोस्कोपी नॉर्मल, तरी जुलाब थांबत नाहीत: मायक्रोस्कोपिक कोलायटिसचे अनुभव

या आजाराबद्दल मराठीत मोकळेपणाने बोलणारं माणूस शोधायला मला फार वेळ लागला. रक्त पडत नाही, ताप नाही, पण पाण्यासारखे जुलाब महिनोन्‌महिने चालू राहतात. दुर्बिणीतून पाहिलं तर मोठं आतडं स्वच्छ दिसतं. अस्तराचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निदान होतं. ज्यांना स्वतःला किंवा घरात कुणाला हा आजार आहे, त्यांनी कृपया लिहा: निदान कसं झालं, सोबत एखादा ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते असा) आजार निघाला का, रोजचं कसं जमवता. सुरुवात मी करते.

कोथरूड, वय ५६
मला हाशिमोटोचा, म्हणजे ऑटोइम्यून प्रकारचा, थायरॉइड आधीपासून होता. जुलाब सुरू झाले तेव्हा सगळ्यांनी आयबीएसच (आतड्यात दोष न दिसता पोट बिघडत राहण्याचा त्रास) धरून चाललं. ताण घेऊ नका, दूध बंद करा, बडीशेप खा. पुढे एका डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘रात्री झोपेतून उठून जावं लागतं का?’ आयबीएसमध्ये सहसा तसं होत नाही म्हणाले. कोलोनोस्कोपी नॉर्मल दिसली, तरी त्यांनी आतड्याच्या उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंचे तुकडे घेतले. रिपोर्ट आला, लिम्फोसायटिक कोलायटिस, या आजाराच्या दोन प्रकारांपैकी एक. बुडेसोनाईड ९ मिलिग्रॅम सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यातच फरक पडला. हे स्टेरॉइडच आहे, पण बरंचसं आतड्यातच काम करतं आणि रक्तात गेलेलं बहुतेक यकृत निकामी करून टाकतं, म्हणून मी भीती सोडून घेतलं.

त्या काळात तुळशीबागेत, लक्ष्मी रोडला जाणं मी सोडूनच दिलं होतं. बाईमाणसाला तिथे पटकन जाता येईल अशी स्वच्छ जागा शोधायची कुठे? लग्नामुंजीला नाही म्हणत गेले, आणि नातेवाईकांना वाटलं मी शिष्ट झाले. त्याचं दुःख जुलाबांपेक्षा जास्त होतं.

बाणेर, वय ३४, आयटीत नोकरी
हा म्हातारपणीचाच आजार असं वाचलं होतं. साठीच्या पुढे जास्त दिसतो हे खरं, पण मला तिशीत झाला. माझं आधी सीलिॲकचं, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणाऱ्या ऑटोइम्यून आजाराचं, निदान झालं होतं. गहू पूर्ण बंद करूनही जुलाब थांबेनात, तेव्हा आम्ही सगळे गव्हाचाच चोर शोधत बसलो. आणि तो सापडलाही! ज्वारीचं दळण गिरणीवर गव्हामागोमाग पडायचं. बाजारातल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असतं. सासूबाईंनी माझ्यासाठी घरी छोटी घरघंटी आणली, आमटीला जिरं-लसणाची फोडणी द्यायला लागल्या. उपासाच्या दिवशी सगळं घर राजगिरा, वरई खायचं, तेव्हा माझं ताट पहिल्यांदा सगळ्यांसारखं असायचं.

एवढं करूनही पोट थांबलं नाही. सीलिॲकची रक्तातली अँटिबॉडी खाली आली होती, म्हणजे पथ्य नीट चाललं होतं. मग कोलोनोस्कोपी, बायोप्सी, आणि हा दुसरा आजार. सीलिॲक असलेल्यांत तो इतरांपेक्षा बराच जास्त आढळतो. ज्यांना आधी हा कोलायटिस निघालाय आणि सीलिॲक अजून तपासलेला नाही, त्यांना कळकळीची विनंती: सीलिॲकची रक्ततपासणी गहू बंद करण्याआधी करून घ्या. नंतर केली तर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते.

निगडी, वय ६७
मी पुरुष आहे, बायकांत हा आजार जास्त असला तरी. गुडघ्यांसाठी वेदनाशामक गोळी आणि तिच्या जोडीला ॲसिडिटीची, दोन्ही वर्षानुवर्षं चालू होत्या. दोन्ही प्रकारच्या औषधांचा या आजाराशी संबंध आढळलेला आहे, नैराश्यावरच्या काही गोळ्यांचाही. डॉक्टरांनी बघून एकेक बदलली, मी निम्म्याहून जास्त सुधारलो. आपल्या मनाने काही बंद करू नका, पण सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा.

निवृत्त पॅथॉलॉजिस्ट, सहकारनगर
मी रुग्ण नाही, पण अशा स्लाइड्स पाहिल्या आहेत. अस्तराच्या १०० पेशींमागे २० किंवा जास्त लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) दिसल्या तर लिम्फोसायटिक. अस्तराखाली कोलॅजन या तंतुमय प्रथिनाचा पट्टा १० मायक्रोमीटरहून जाड झाला तर कोलॅजेनस. या दुसऱ्या प्रकाराचं वर्णन १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्यांदा झालं. तुकड्यांसोबतच्या चिठ्ठीवर ‘दीर्घकाळ पातळ जुलाब’ एवढं लिहिलेलं असलं तरी आमची नजर नेमकी तिकडे जाते, म्हणून ते लिहायला सांगा.

ऑटोइम्यूनबद्दल: थायरॉइड, सीलिॲक, संधिवात, शोग्रेन (डोळे-तोंड कोरडं पडण्याचा आजार), टाइप १ मधुमेह हे सोबत जास्त आढळतात, सीलिॲकशी निगडित काही जनुकंही सामायिक आहेत. पण या आजाराची स्वतःची अशी ठरावीक अँटिबॉडी नाही. आतड्यातल्या कशाला तरी, औषधाला म्हणा, जंतूला म्हणा, शरीर चुकीचा प्रतिसाद देतं असाही विचार आहे. आतड्याच्या कॅन्सरचा धोका मात्र यामुळे वाढत नाही. हे पेशंटला कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं.

सदाशिव पेठ, आईबद्दल लिहिते आहे
आईला शोग्रेन आहे, डोळे आणि तोंड सतत कोरडं. तिचं वजन उतरत होतं. आम्हाला वाटलं तोंड कोरडं म्हणून जेवण जात नाही. खरं तर बाहेर जायच्या आदल्या दिवसापासून ती जेवणच सोडायची, आणि कपडे खराब झाले की आम्ही उठायच्या आत पहाटे धुऊन टाकायची. कुणालाही बोलली नाही. संधिवाताच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सरळ विचारलं, ‘आजी, कपड्यात होतं का?’ तेव्हा ती रडली. बायोप्सीत कोलॅजेनस निघाला. घरातल्या मोठ्या बायकांना हे नाव घेऊन विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत.

औंध
बुडेसोनाईड बंद केलं की माझे जुलाब परत येतात, तिसऱ्यांदा तेच झालं. पुष्कळांचं असं होतं म्हणे. आता कमीत कमी मात्रेवर आहे, स्टेरॉइड म्हणून हाडांची घनता तपासली, कॅल्शियम-डी चालू आहे. चहाकॉफी कमी केल्याचाही फायदा झाला.

हडपसर
मला कोलेस्टिरामिनची पावडर दिली आहे, पित्ताम्लांमुळे होणाऱ्या जुलाबांवर. थायरॉइडची गोळीही आहे. कोथरूडच्या ताई, तुम्ही दोन्ही कसं घेता?

कोथरूड
मी ती पावडर घेत नाही, पण डॉक्टरांनी पर्याय म्हणून सांगितली तेव्हाच बजावलं होतं की ती थायरॉइडची गोळी आतड्यात अडकवून ठेवते. गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची, पावडर निदान चार तासांनी. तुमची वेळ डॉक्टरांना विचारून पक्की करा, आणि पावडर सुरू झाल्यावर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) पुन्हा करायला सांगा. सदाशिव पेठेतल्या ताई, तुमच्या आईंना कुणाशी बोलावंसं वाटलं तर मला नक्की कळवा. दुपारी मी घरीच असते.