दीड महिन्याच्या पिल्लाला दिवसातून किती वेळा आणि किती खायला द्यायचं?

मृदगंध

अकरा दिवसांपूर्वी जिन्याखाली मांजरीचं एक पिल्लू सापडलं. सकाळपासून अंधार पडेपर्यंत लांबून लक्ष ठेवलं, आई काही फिरकली नाही, म्हणून आत आणलं. नाकावर तिळाएवढा काळा ठिपका आहे, म्हणून नाव तिळी. डॉक्टरांनी दात बघून पाच आठवड्यांची असेल म्हणून सांगितलं. तेव्हा वजन 510 ग्रॅम भरलं होतं. आज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं तर 550.

सकाळी सातला आणि रात्री आठला पिल्लांसाठी मिळतं ते पाऊचमधलं ओलं खाणं देते, दर वेळी दोन मोठे चमचे. ताटली चाटून लख्ख करते आणि लगेच पुन्हा पायात घुटमळते. मधेच रडायला लागली की गाईच्या दुधात निम्मं पाणी घालून सिरिंजने पाजते. चार दिवसांपासून शी पातळ होतेय, त्यामुळे खाणं वाढवायची भीती वाटते. घरातले म्हणतात ती हावरी आहे, मागेल तेवढं दिलंस तर पोट फुटेल. पाऊचवरचा तक्ता सुरूच होतो दोन महिन्यांपासून. पहाटे तीनला उठून माझ्या कानाशी ओरडते तेव्हा कळत नाही, हिला भूक लागलीय की आईची आठवण येतेय. नेमकं किती आणि किती वेळा द्यायचं?

काजवा

तिळी हावरी नाही, उपाशी आहे. असं सरळ म्हणतोय म्हणून रागावू नका, तुमच्या आकड्यांवरूनच सांगतो.

या वयाचं पिल्लू दिवसाला साधारण 10 ते 15 ग्रॅमने वाढतं. म्हणजे अकरा दिवसांत शंभराच्या वर वाढ हवी होती, झाली 40. आता खाण्याचा हिशोब बघा. वाढत्या पिल्लाला किलोमागे 200 ते 250 किलोकॅलरी लागतात, तेव्हा 550 ग्रॅमच्या तिळीला दिवसाला 110 ते 140 हव्यात. ओल्या खाण्यात 100 ग्रॅमला बहुतेक 80 ते 100 असतात, पाकिटावर बघून खात्री करा. तुमचे चार मोठे चमचे म्हणजे जेमतेम 60 ग्रॅम. तिला गरजेच्या निम्मंच मिळतंय.

म्हणून दिवसभराचं मिळून 130 ते 150 ग्रॅमपर्यंत जा, पण एका दिवसात नाही. पोट आधीच बिघडलेलं आहे, तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवा. आणि पाच भाग करा: सकाळी उठल्यावर, अकराच्या सुमारास, दुपारी तीनला, संध्याकाळी सातला आणि तुम्ही झोपायच्या आधी. एवढ्याशा पोटात एका वेळी फार मावत नाही. दोनदाच दिलं तर ती तुटून पडते, मग अकरा ते तेरा तास पोट रिकामं. पहाटेचं ओरडणं बहुधा याचंच आहे. शेवटचा घास झोपायच्या आधी देऊन बघा. फ्रीजमधलं गार खाणं तसंच देऊ नका, कोमट झालं की वास सुटतो आणि पिल्लू आपणहून येतं.

गाईचं दूध आजच बंद. त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बऱ्याच मांजरांना पचत नाही आणि जुलाब होतात. पाणी घालून त्यातला कस तेवढा जातो. तिला दात आलेत, दुधाची गरजच नाही. साध्या पाण्याची उथळ वाटी कायम भरलेली ठेवा.

सिरिंजबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती चूक माझ्या हातून झालीय. माझी पहिली तीन पिल्लं तीन आठवड्यांची होती, रात्री मिळाली. त्यातलं एक हाताला गार लागत होतं. मला वाटलं भुकेने गळालंय, म्हणून आधी दूधच पाजलं. सकाळी ते गेलं. नंतर कळलं की पिल्लू गार पडलं की त्याची आतडी काम करत नाहीत. आधी अंगाशी धरून ऊब द्यायची, मगच खाणं. पिल्लू उताणं असलं किंवा सिरिंज जोरात दाबली, तर दूध फुफ्फुसात जातं. तिळी आपलं आपण खातेय, तिला सिरिंज लावूच नका.

अबोली

वजनाचं काजवा यांनी सांगितलंच. पण चार दिवस पातळ शी आणि अडलेलं वजन म्हटल्यावर मला आधी जंत आठवतात. जंताचं औषध दिलंय का? आईच्या दुधातूनच जंत येतात, त्यामुळे पिल्लू स्वच्छ दिसतं म्हणून सोडायचं नाही. दोन-तीन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरवड्याला औषध देतात. डोस वजनावर ठरतो, तेव्हा अंदाजाने देऊ नका. शी घेऊन आजच डॉक्टरांकडे जा. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. हिरड्यांना बोट लावून बघा, ओलसर लागायला हव्यात, चिकट नाही.

आता खाण्याबद्दल माझा एक वेगळा अनुभव. मी पिल्लांचे कोरडे दाणे दिवसभर ताटलीत ठेवते आणि ओलं खाणं तीनदा देते. माझी दोन्ही त्यावर छान वाढली, रात्रीचं रडणंही थांबलं.

एक मात्र सांगते, नुसत्या उकडलेल्या चिकनवर ठेवू नका. त्यात कॅल्शियम नसतं आणि पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. कुत्र्यांचं खाणंही नको. मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य खाण्यातूनच मिळावं लागतं, आणि कुत्र्यांच्या खाण्यात ते पुरेसं असेलच असं नाही. ते कमी पडलं की हृदय दुबळं होतं, हे 1987 मध्ये स्पष्ट झालं. डोळ्यांवरचा परिणाम तर त्याच्याही आधीपासून माहीत होता.

काजवा

जंतांचं माझ्याकडून राहिलंच होतं, बरं झालं लिहिलंत. भरलेल्या ताटलीशी मात्र मी सहमत नाही, निदान तिळीसाठी तरी. तिने आज किती खाल्लं हे समजणं सध्या फार गरजेचं आहे. मोजून दिलेल्या ताटलीत उरलं की दुपारीच लक्षात येतं. या वयाचं पिल्लू अर्धा दिवस जेवलं नाही तर थांबायचं नसतं, तडक डॉक्टरांकडे न्यायचं. पुढे नीट वाढायला लागली की ठेवा दाणे.

आणि रोज एकाच वेळी, सकाळच्या खाण्याआधी, वजन करून वहीत लिहा. डब्यात बसवा, डब्याचं वजन वजा करा.

मृदगंध

आठ दिवसांनी लिहितेय. दोघांचे मनापासून आभार.

त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले. जंताचं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी शीतून पांढऱ्या दोऱ्यासारखे जंत पडले, मला बघवेना. दूध त्याच दिवशी बंद केलं. पहिले दोन दिवस काटा 552 वरच अडकला होता, मी दर तासाला तिच्याकडे बघत बसायचे. मग 561, 578, आणि आज सकाळी 658. शी घट्ट झाली. सलग तीन रात्री माझ्या पायाशी झोपली, पहाटे हाक नाही. ती उपाशी होती आणि मी तिला हावरी समजून थांबवत होते, याचं फार वाईट वाटतं.

एकच विचारायचंय. दोन दिवसांपासून अकरा वाजताच्या ताटलीत निम्मं उरतं. खेळते मात्र भरपूर. काळजी करू का?

काजवा

खेळतेय, वजन वाढतंय, शी नीट आहे, तर नाही. अकराचं बंद करा आणि तो भाग उरलेल्या चारांत वाटून टाका. चार महिन्यांची होईपर्यंत चार वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, पुढे दोनदा पुरतं. दिवसाचं एकूण खाणं मात्र वजनाबरोबर वाढवत न्या, 150 ग्रॅमवर थांबू नका. पुढच्या पंधरवड्याचं जंताचं औषध वहीत आताच लिहून ठेवा. लसीची तारीखही डॉक्टरांना त्याच वेळी विचारा, तिचं वय झालंय.