कॅमेरे अजून वाढवणार म्हणतात, पण रस्ता तर अंधारातच... मीटिंगमध्ये काय मागू?

प्रश्न:
कॉलेजच्या सुरक्षा समितीत मला विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून घेतलंय. सगळ्यांचं एकच, अजून कॅमेरे लावू. पण लायब्ररी ते हॉस्टेल रस्त्यावर रात्री एकटीने जायला आम्ही मुली घाबरतो आणि तिथे कॅमेरा आधीपासून आहे! पुढच्या आठवड्यात मीटिंग आहे, नेमकं काय मागायचं?

उत्तर १:
सीसीटीव्ही बसवायचं काम करतो म्हणून सांगतो, आधी आहेत ते चालतात का बघा. काल रात्री ११ चं फुटेज आत्ता दाखवा म्हणायचं, तिथल्या तिथे. कुठे हार्ड डिस्क बंद, कुठे रेकॉर्डरचं घड्याळ चुकीचं, कुठे लेन्सवर कोळ्याचं जाळं, आणि डिस्क भरली की जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, तक्रार उशिरा आली की पुरावा गेलेला असतो. रात्री स्क्रीनकडे बघतं कोण आणि काही दिसलं तर धावत जातं कोण, हे तर विचाराच.

उत्तर २:
दिवे मागताना जपून. एकच मोठा फ्लडलाइट लावून देतील, त्याने डोळे दिपतात आणि बाजूचा अंधार अजून गडद वाटतो, समोरून येणाऱ्याचा चेहराच दिसत नाही. खांब जवळजवळ, उजेड सारखा आणि फांद्या छाटलेल्या असं मागा. जमलं तर अख्ख्या समितीला रात्री १० ला त्या रस्त्याने चालवा.

उत्तर ३:
हॉस्टेलचं मागचं दार बघून या प्लीज. आमच्याकडे साखळी-कुलूप असायचं, चावी गार्डकडे. एका रात्री मीटरजवळ धूर झाला, गार्ड दुसऱ्या गेटवर, आणि आम्ही सगळ्या दाराशी अडकलो. ते मी अजून विसरलेले नाही. बाहेरून बंद पण आतून ढकललं की उघडेल असं दार मिळतं, तेच मागा.

उत्तर ४:
काही धोका झाला तर सगळ्यांना निरोप किती मिनिटांत पोचतो तेही बघा. १६ एप्रिल २००७ ला अमेरिकेत व्हर्जिनिया टेक विद्यापीठात सकाळी सव्वासातच्या सुमारास हॉस्टेलमध्ये दोघांना गोळ्या घातल्या गेल्या, सगळ्यांना पहिला ईमेल गेला ९:२६ ला, आणि थोड्याच वेळात दुसऱ्या इमारतीत ३० जण मारले गेले. मेसेज पाठवायचा अधिकार रात्री ड्युटीवर कोणाकडे असतो, एवढं लेखी घ्या.

प्रश्नकर्ती:
खूप थँक्स सगळ्यांना. आज दोघी-तिघी मिळून त्या रस्त्याने गेलो, ९ पैकी ४ दिवे बंद आणि कॅमेऱ्यासमोर अख्खी फांदी आलीये. फोटो काढलेत, मीटिंगमध्ये आधी तेच दाखवते. मागचं दार उद्या बघते.