प्रतिसाद: टॉपवॉटर लूरना (पाण्यावर चालणाऱ्या नकली आमिषांना) फ्लोरोकार्बन दोरी नको

फ्लोरोकार्बन दोरी पाण्यात फारशी दिसत नाही म्हणून बास माशाच्या सगळ्या लूरना रीलवर तीच भरा असं वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय, ते पाण्याखाली चालणाऱ्या जिग-क्रँकबेट लूरपुरतं पटतं, पण पाण्यावर चालणाऱ्या फ्रॉग नि पॉपरला अजिबात नको, ती पाण्यापेक्षा जवळपास पावणेदोनपट जड असते, बुडते आणि लूरचं तोंड खाली ओढते. तिथे ब्रेडच (विणलेली दोरी) हवी, तरंगते, ताणली जात नाही, हुक घट्ट बसतो. आमच्या इंदूरकडे बास कुठला, पण त्याच्यासाठी बनवलेले पोकळ फ्रॉग जलपर्णीतल्या मरळीला मस्त चालतात, रॉड मात्र मीडियम-हेवी, म्हणजे जरा ताकदीचा घ्या, गळाला लागल्याबरोबर मुळांत घुसते ती.

आणि रीलवर ब्रेडच्या आधी थोडी मोनो (साधी नायलॉनची दोरी) गुंडाळा, नाहीतर गाठ कितीही पक्की असो, अख्खी ब्रेड गुळगुळीत स्पूलवर (रीलच्या चकरीवर) गोल फिरत राहते आणि ड्रॅगच (मासा ओढताना दोरी सोडणारा ब्रेक) बिघडलाय असं वाटतं.