'नवसाचा 2': गाडी बदलली, विनोद तेच

रातांबा:
'नवरा माझा नवसाचा 2' आवडला नाही म्हणणाऱ्यांना "मराठी माणसालाच मराठीचं कौतुक नाही" असं सुनावणारी पोस्ट सकाळी वाचली. कौतुक कशाचं करू? 2004 ला एसटी होती, 2024 ला कोकण रेल्वे. अशोकमामा (सराफ) तेव्हा कंडक्टर, आता टीसी. मुक्काम तोच, गणपतीपुळे. पहिल्यात निदान धास्ती होती: वडिलांनी बोललेला नवस, त्यापायी देवासमोर नागव्याने जायचं आणि बायको मागे हटत नाही. गाडी जसजशी पुढे जाते तसतसा घाम फुटतो. इथे जुन्या जागा दाखवून "आठवतंय ना?" म्हणून कोपरखळ्या.

कट्टेकरी:
मग 'बनवाबनवी'लाही शिळी म्हणा. मूळ 1966 चा 'बीवी और मकान'. 'धुमधडाका' तर तमिळवरून. तेव्हा चालतं!

रातांबा:
कथा उसनी होती हो, विनोद नव्हता. संवाद वसंत सबनीसांचे. 'बनवाबनवी'तल्या घरमालक सरपोतदारांसमोरचं ते इस्रायलचं औषध काय हिंदीतून आलं?

बोरिवली_स्लो:
विनोदाचं राहू द्या, या लोकांना कोकण रेल्वेची तिकिटं मिळाली कशी ते सांगा. आम्ही गणपतीचं बुकिंग उघडायच्या वेळेला घरातले सगळे मोबाइल घेऊन बसतो, तरी वेटिंग.

मालवणी_तिखट:
एसटीने नेलं असतं तर इंदापूरलाच मध्यंतर झालं असतं. मुंबई-गोवा हायवेच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचं काम 2011 ला सुरू झालंय. आजोबांच्या तेराव्याला निघालो, माणगावला अडकलो, पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या.

बोरिवली_स्लो:
जमिनी द्यायला तुम्हीच अडून बसता, मग रस्ता होणार कसा?

मालवणी_तिखट:
तोंड सांभाळून. आमची कलमं गेली त्या रस्त्यात. मोबदल्यासाठी काका अजून हेलपाटे घालतायत. सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, सही कोणाकोणाची आणायची? बोरिवलीत बसून अक्कल शिकवायला काय जातंय!

बोरिवली_स्लो:
माझंही गाव तिकडेच आहे. दर शिमग्याला तोच चिखल-धुरळा मीही खातो.

मालवणी_तिखट:
शिमग्याला चिखल? नक्की गावाला जाता ना?

कट्टेकरी:
अहो, सिनेमा! आईला घेऊन गेलो होतो. बाबा गेल्यापासून ती थिएटरात आली नव्हती. अशोकमामांची एंट्री झाली, अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं आणि आई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. तुम्ही पटकथा मोजत बसा.

रातांबा:
टाळ्या मीही वाजवल्या, म्हणून तर जास्त चिडलोय. ज्याला महाराष्ट्र भूषण दिलं त्या नटासाठी वीस वर्षांनी एक नवा माणूस लिहिता येत नाही? डब्यात एवढी माणसं भरलीत, प्रत्येकाला काहीतरी अडचण द्या, हसू आपसूक येईल. ते कष्ट कोण घेणार? जुनी धून वाजवली की पब्लिक खूश.

कट्टेकरी:
बरं बाबा, पटकथा पातळ आहे. उत्तरार्ध ताणलाय, तेही कबूल. आता आपली हरकत नसेल तर आई हसली ते राहू द्यावं.

रातांबा:
आईंना नमस्कार सांगा. मत तेच.

मालवणी_तिखट:
तिसऱ्या भागात विमानाने आणतील. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर उतरवतील, विमान रद्द झालं नाही तर. तिथून गणपतीपुळे गाठायला पुन्हा हायवेच.