मदत हवी आहे : छप्पन्नाव्या वर्षी वजनांचा व्यायाम सुरू करावा का?

नमस्कार. माझे वय ५६ असून सगळी नोकरी बैठी झाली. रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि पर्वतीच्या पायऱ्या उतरताना (चढताना नव्हे, हे विशेष) उजवा गुडघा दुखतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालींबरोबर निदान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायामही सांगितला आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनमधील एका अभ्यासात नव्वदीतल्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे वजनांचा व्यायाम करवून घेतल्यावर त्यांच्याही पायांची ताकद लक्षणीय वाढली, हे वाचल्यापासून ‘आता या वयात कशाला’ हे घरच्यांचे म्हणणे मला पटेनासे झाले आहे. मी रोज चालतोच. तरीही पाटावरून उठताना जमिनीला हात टेकावा लागतो, ही खरी बोच आहे.

पन्नाशीनंतर प्रथमच वजने उचलू लागलेल्या सभासदांनी कृपया सांगावे, की सुरुवात किती वजनाने केली, दुखऱ्या गुडघ्याला खुर्चीवरची ऊठबस सोसली का, आणि जोर लावताना श्वास न रोखण्याची सवय कशी लावली? पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाणार आहे. त्यांना नेमके काय विचारावे, हेही सुचवावे.