३३ वाला पडला, २७ वाला राज्यसभेत, हे कसं काय?

कोल्हापुरी_तडका:
मंडळी एक शंका. जून २०२२ च्या राज्यसभेला आमच्या कोल्हापूरचेच दोघं समोरासमोर, सेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक. आमदार मतपत्रिकेवर १, २, ३ असा पसंतीक्रम लावतात, त्यात पहिल्या पसंतीची मतं पवारांना ३३, महाडिकांना २७ आणि खासदार झाले महाडिक! साधी सरळ मोजणी असती तर पवार आले असते ना?

आकडेमोड:
कोट्याची, म्हणजे जिंकायला लागणाऱ्या मतांच्या आकड्याची भानगड आहे. वैध मतं २८४, जागा ६. एका मताची किंमत १०० धरतात, मग २८४०० भागिले ७ (जागा अधिक एक), त्यात १ मिळवा, ४०५८. म्हणजे साधारण ४०.५८ मतं झाली की सीट पक्की. भाजपच्याच पीयूष गोयल आणि अनिल बोंडेंना ४८-४८ पडली, वरची सात-सात मतं दुसऱ्या पसंतीला नाव असलेल्याकडे, म्हणजे महाडिकांकडे गेली. अख्खं मत जात नाही हां, ४८ च्या ४८ मतपत्रिका धरतात पण प्रत्येकीचे रुपयातले १५ पैसे. २७ वरून ४१ पार. पवारांनाही महाविकास आघाडीच्या (सेना, राष्ट्रवादी, काँग्रेस) बाकी तिघांचं उरलंसुरलं मिळालं, पण ते सगळं मिळून सहाच, ३९ वर अडकले.

रात्रपाळी:
म्हणजे घात पद्धतीनेच केला 😐

बार्शीकर:
नाही ओ. तीच मतं उचलून दुसऱ्या नियमाने मोजून कसं चालेल? वरची मतं खाली उतरणार हे माहीत होतं म्हणून तर भाजपने दोघांना ४८ दिली, साधी मोजणी असती तर त्यांनी १२३ मतं तिघांत ४१-४१-४१ वाटली असती, आणि आमदार मतपत्रिका आपल्या पक्षाच्या एजंटला दाखवूनच टाकतात त्यामुळे वाटणी फसायचा चान्स कमी. आघाडीची १६१ चौघांत वाटा, ४० अन् थोडं. एक जण पडलाच असता.

कोल्हापुरी_तडका:
मग पद्धतीने फरक पडतच नाही म्हणता?

बार्शीकर:
पडतो की, जोरात पडतो. महापालिकेच्या चार सदस्यांच्या प्रभागासारखं करा, प्रत्येक आमदाराला सहाही जागांवर वेगळं मत. दर जागेवर १६१ विरुद्ध १२३. आघाडीचे सहाच्या सहा, गोयलसुद्धा घरी, १२३ मतं हातात असून भोपळा!

रात्रपाळी:
आणि मतदान गुप्त असतं तर?

आकडेमोड:
ते दहाच दिवसांत बघितलं की. २० जूनला विधान परिषद, पसंतीक्रम तोच पण मतदान गुप्त. काँग्रेसने आपल्या दोन उमेदवारांपैकी चंद्रकांत हंडोरेंना पहिल्या नंबरला ठेवलं होतं, ते पडले आणि दुसरे भाई जगताप आले.