मदत हवी आहे: सासू-सासऱ्यांना घेऊन आरव्हीने युटा-अ‍ॅरिझोना, जमेल का?

कोल्हापुरी_चप्पल

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

आम्ही न्यू जर्सीला असतो. सासू-सासरे सप्टेंबरात कोल्हापूरहून येताहेत. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लास वेगासपर्यंत विमानाने जायचं, तिथे आरव्ही (आत पलंग, स्वयंपाकघर आणि संडास असलेली गाडी) भाड्याने घ्यायची आणि झायन आणि ब्राइस ही नॅशनल पार्कं, पेज गाव, ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ करून परत वेगास, असं नवऱ्याच्या डोक्यात आलंय. 9 रात्री. माणसं सहा: आम्ही दोघं, ते दोघं (71 आणि 67), मुलं 7 आणि 4 वर्षांची. गाडी क्लास सी, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो ती, 30 फुटी. नवऱ्याने आजवर आमच्या कॅमरी कारपेक्षा मोठं काही चालवलेलं नाही. सासरे मात्र एसटीत चालक होते, 31 वर्षं. गाडीचा फोटो बघूनच ते खूश आहेत. चावी त्यांच्या हातात येणार नाही हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच आहे. "चुलीपासून चार हातांवर संडास? आणि ते सगळं पोटात घेऊन हिंडायचं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांचे गुडघे दुखतात आणि बाहेरचं जेवण दोन दिवसांच्या वर चालत नाही, म्हणून तर आरव्हीचा घाट. पण त्यात रोजचा स्वयंपाक खरंच होतो का? ते टाकी रिकामी करणं किती भयंकर असतं? बुकिंग अजून कशाचंच नाही. की गुपचूप मिनीव्हॅन आणि हॉटेलं करावीत? अनुभवी लोकांनी प्लीज लिहा.

रानवाटा

वाचतेय. आमचंही पुढच्या वर्षी घाटतंय. सासूबाईंचा प्रश्न एक नंबर आहे.

बिऱ्हाड_पाठीवर

आम्ही चार वेळा भाड्याने घेतली, मग जुनी विकत घेतली आणि तीन वर्षांनी विकून मोकळे झालो. म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलू शकतो.

आधी चालवणं. लायसन्स नेहमीचंच पुरतं. सरळ रस्त्यावर अर्ध्या तासात हात बसतो. घात होतो तो वळताना. मागच्या चाकांच्या मागे गाडीचं बरंच धूड लोंबत असतं. तुम्ही डावीकडे वळलात की ते बूड उजवीकडे फेकलं जातं. मी पहिल्याच दिवशी पेट्रोल भरून ऐटीत निघालो आणि पंपाशेजारच्या पिवळ्या खांबाला मागची शिडी भेट देऊन आलो. त्यामुळे पंपावरून निघताना आधी गाडी पूर्ण सरळ पुढे काढा, मगच चाक फिरवा. सासऱ्यांना हे सांगावं लागणार नाही. त्यांना नवऱ्याच्या शेजारच्या सीटवर बसवा. मागे घेताना तर ते खाली उतरलेलेच हवेत. आरशात ते दिसेनासे झाले की थांबायचं, एवढा एकच नियम.

गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा. साधारण 12 फूट भरते. ड्राइव्ह-थ्रू कॉफी, हॉटेलची पोर्च, झाडाच्या फांद्या, हे सगळे आता तुमचे शत्रू. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, खालच्या गिअरवर उतरवा. हेही सासरे सांगतीलच, घाट उतरवलेत त्यांनी.

आता झायनचा बोगदा. झायनहून ब्राइसला जाणारा सरळ रस्ता 1930 साली पूर्ण झालेल्या 1.1 मैलाच्या बोगद्यातून जातो. तो त्या काळच्या चिमुकल्या मोटारींच्या मापाचा आहे. पूर्वी मोठ्या गाडीसाठी जास्तीचे पैसे भरले की रेंजर समोरची वाहतूक अडवून मधोमध सोडायचे. 2026 च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना तो रस्ताच बंद झालाय. मर्यादा 11 फूट 4 इंच उंची आणि 7 फूट 10 इंच रुंदीची आहे, तुमची गाडी दोन्हींत नापास. जुने ब्लॉग वाचून निघू नका. खाली हरिकेन गावाला येऊन 59 नंबरच्या रस्त्याने निघा, पुढे अ‍ॅरिझोनात तोच 389 होतो, मग फ्रेडोनिया, कनॅब आणि 89 ने वर. लांब पडतं, पण रस्ता मोकळा आहे.

संडासाबद्दल. गाडीखाली तीन टाक्या असतात. चांगलं पाणी, ग्रे म्हणजे मोरी-बेसिनचं आणि ब्लॅक म्हणजे ते. नळी जोडायची, आधी ब्लॅक सोडायची, ती रिकामी झाली की ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे घालून दहा मिनिटांचं काम. फुल हुकअपवाली जागा (वीज, पाणी, ड्रेनेज तिन्ही जोडता येतं ती) असली तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून बसायचं नाही. पाणी वाहून जातं आणि घट्ट तेवढं मागे राहून त्याचा डोंगर होतो. टाकी दोन-तृतीयांश भरू द्यायची, मग एकदम सोडायची.

यात आपल्या लोकांचा एक फायदा आहे जो इथल्या कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत. ब्लॅक टँक तुंबते ती कागदाने आणि पाण्याच्या कंजुषीने. तांब्या वापरणारं घर असेल तर तुंबायचा प्रश्न जवळजवळ येत नाही, फक्त टाकी लवकर भरते. सासूबाईंना सांगा, या एका बाबतीत आपलीच पद्धत शास्त्रशुद्ध आहे.

पैशाचं_बोला

स्वस्त पडेल म्हणून घेत असाल तर घेऊ नका. दिवसाच्या भाड्यावर मैलाचे पैसे वेगळे, जनरेटर चालवला तर तासाचे वेगळे, भांडी आणि पांघरुणं वेगळी, विमा वेगळा. आपल्या कारचा विमा किंवा क्रेडिट कार्डाचं संरक्षण आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नाही, फोन करून विचारा. पेट्रोल गॅलनला 8 ते 10 मैल. तुमचा फेरा साधारण 900 मैल धरला तर 90 ते 112 गॅलन जाणार. कॅम्पग्राउंडचे पैसे आहेतच. आम्ही हिशेब मांडला तेव्हा दोन खोल्या आणि मिनीव्हॅन यापेक्षा आरव्ही महाग पडली होती.

कोल्हापुरी_चप्पल

पैशाचं_बोला, हे नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "स्वस्त आहे असं मी कधी म्हणालो?" म्हणालेला आहे.

बिऱ्हाड, बोगद्याचं माहीतच नव्हतं, फार आभार. झोपण्याची व्यवस्था कशी करावी? आणि मुलांच्या सीट?

बिऱ्हाड_पाठीवर

मागचा पलंग सासू-सासऱ्यांना. वरच्या पलंगावर शिडीने चढावं लागतं, तो मुलांचा, जाळी लावून. तुम्ही दोघं जेवणाचं टेबल पाडून होणाऱ्या बिछान्यावर. रोज रात्री पाडायचं आणि सकाळी उभं करायचं, याचा चौथ्या दिवशी कंटाळा येतो. कार सीट फक्त पुढे तोंड असलेल्या बाकावर, पट्टा बघून. आडव्या सोफ्यावर अजिबात नाही. चालत्या गाडीत कुणी उठून चहा करायचा नाही, हे विशेषतः सासूबाईंना आधीच सांगा.

फोडणीची_पोळी

स्वयंपाकाचं मी सांगते. दोन-तीन बर्नरचा गॅस असतो, कुकर मस्त होतो. पोळ्याही होतात, पण तव्याने धूर धरला की स्मोक अलार्म बोंबलतो. फोडणीला तर हमखास. वरचा पंखा चालू, दोन खिडक्या उघड्या, मगच मोहरी. अलार्मची बॅटरी काढून ठेवायचा मोह होतो, काढू नका. गॅस आणि जनरेटर असलेल्या बंद डब्यात सहा माणसं झोपणार आहेत. जमिनीलगत दुसरा एक अलार्म असतो तो गॅसगळतीचा, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून खाली. त्याच्यासमोर पिशव्या रचू नका.

आम्ही शेवटी साइटवरच्या, म्हणजे गाडी लावतो त्या जागेवरच्या बाकावर छोटी शेगडी मांडून फोडण्या बाहेर द्यायला लागलो. शेजारचे लोक वासाने येऊन चौकशी करून जायचे.

ताटं कागदाने पुसून मग धुवा. आमटीचं तेल ग्रे टँकमध्ये साचून जो वास मारतो त्यापुढे ब्लॅक परवडली. वीज 30 अँपियरची असेल तर एकूण 3,600 वॅट मिळतात. हीटर किंवा एसी, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावलं की अंधार. घरात "मी चहा ठेवतेय, काही बंद करा" अशी आरोळी द्यायची सवय लागते.

सह्याद्रीचा_वारा

अवांतर: महाराष्ट्र सरकारनेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं होतं. पुण्याहून कोकणात अशी गाडी कुणी नेली आहे का? वेगळा धागा काढू का?

रानवाटा

काढा काढा. पण आंबा घाटात 30 फुटी नको.

वाळवंटातला_नारळ

मी अ‍ॅरिझोनात राहतो, जागांबद्दल लिहितो. झायनमध्ये वॉचमन कॅम्पग्राउंड सहा महिने आधी उघडतं आणि लगेच संपतं. तुम्हाला आता कुणी रद्द केलं तरच. रोज सकाळी बुकिंगची वेबसाइट बघत राहा, जागा सुटतात मधूनमधून. तिथे वीज मिळते, पण साइटवर पाणी-ड्रेनेज नाही आणि जनरेटरला बंदी आहे. मात्र पार्कची शटल बस चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हे गुडघ्यांसाठी महत्त्वाचं. ऑक्टोबरात कॅन्यनच्या आत खासगी गाडी नेताच येत नाही, सगळ्यांनाच शटल. सासूबाईंसाठी पारूस ट्रेल. डांबरी, सपाट, नदीकाठी. नावाला जागून पारोशानेच गेलात तरी चालतं, टाकीतलं पाणीही वाचेल.

ब्राइस 8,000 फुटांच्या वर आहे. ऑक्टोबरात रात्री पाणी गोठतं. झोपण्याआधी बाहेरची पाण्याची नळी काढून रिकामी करून ठेवा. गाडीतली भट्टी गॅसवर चालते, पण तिचा पंखा बॅटरीवर, म्हणून तिथे तरी विजेची जागा घ्या. पार्कच्या तोंडाशी रूबीज नावाच्या कॅम्पग्राउंडला मिळेल. सासऱ्यांना बीपी वगैरे असेल तर पहिला दिवस नुसतं काठावर बसा. बसण्यासाठीच ती जागा आहे.

पेजला वाहवीप कॅम्पग्राउंड छान, लेक पॉवेल तलाव समोर. अँटेलोप कॅन्यन (अरुंद दगडी घळ, टूरने बघायची) करणार असाल तर अप्पर भाग घ्या, तळ सपाट आहे. लोअरला लोखंडी जिने आहेत. आणि घड्याळ! युटा एक तास पुढे, अ‍ॅरिझोना मागे, आणि अ‍ॅरिझोनातला नवाहो आदिवासींचा प्रदेश पुन्हा युटाबरोबर. पेजला फोन कधी हे कधी ते दाखवतो. टूरवाल्याला "कुणाच्या घड्याळाने?" हे आधी विचारा.

ग्रँड कॅन्यनला ट्रेलर व्हिलेज कॅम्पग्राउंड, पार्कच्या आत फुल हुकअप आहे. तिथे तीन रात्री टाका. एकूण चारच मुक्काम आहेत तेवढेच ठेवा, पाचवा घुसवू नका. रोज गाडी हलवायची म्हणजे रोज नळ्या काढा, वायर गुंडाळा, कपाटं लावा. आरव्हीचं सुख गाडी उभी असताना असतं.

कोल्हापुरी_चप्पल (नोव्हेंबर)

मंडळी, जाऊन आलो. सगळ्यांचे आभार मानायचे होते, उशीर झाला.

वॉचमनची जागा निघायच्या नऊ दिवस आधी सुटली, पण दोनच रात्री. बाकी नारळ म्हणाले तसंच.

सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळी संडासाच्या दाराला जुनी साडी पडद्यासारखी लावली. दिवसा सगळ्यांनी कॅम्पग्राउंडचा वापरायचा, गाडीतला फक्त रात्री, हा कायदा केला आणि तो त्यांनीच तिसऱ्या दिवशी ब्राइसच्या थंडीत मोडला. टाकीचं काम नवऱ्याने केलं. पहिल्यांदा चेहरा बघण्यासारखा होता, पेजपर्यंत पट्टीचा झाला. तांब्याचा सिद्धांत खरा निघाला.

मोठा गोंधळ माझ्या चुकीने झाला. निघताना वरच्या कपाटाची कडी लावायची राहिली. हरिकेनचा चढ चढताना वळणावर कांदा-लसूण मसाल्याची काचेची बरणी खाली आली. सहाजण शिंकताहेत, खोकताहेत, मुलं रडताहेत, नवरा गाडी बाजूला घ्यायला जागा शोधतोय. सासरे तेवढे शांत. "फुटली ती बरणीच ना," म्हणाले. अर्धा तास रस्त्याकडेला सगळी दारं उघडून बसलो. बरण्या प्लास्टिकच्या न्या. कड्या निघण्यापूर्वी एकाच माणसाने तपासायच्या, दोघांनी नाही, कारण दोघांना वाटतं दुसऱ्याने लावली.

आणि सासरे. चावीचा विषय त्यांनी काढलाच नाही. पहिल्या साइटवर गाडी मागे घेताना ते उतरले, मागच्या कोपऱ्याशी उभे राहिले आणि पत्र्यावर हाताने ठोकू लागले. दोन ठोके म्हणजे येऊ दे, एक म्हणजे थांब. कंडक्टरची बेलच ती. चारही मुक्कामांत कुठे ओरखडा नाही. ग्रँड कॅन्यनला शेजारचा अमेरिकन आजोबा आपली गाडी लावायला त्यांना बोलवून घेऊन गेला. भाषेची अडचण आली नाही.

रानवाटा

फार सुंदर वृत्तांत! मसाल्याचा वास गेला का गाडीतून?

कोल्हापुरी_चप्पल

गाडीचं माहीत नाही, जास्तीची सफाई म्हणून पैसे लावले भाडेवाल्यांनी. कार सीटचा अजून आहे.